दरीकडे उघडणारी खोली घेण्याआधी

बालीचं नाव काढलं की आधी समुद्र आठवतो. पण तिथल्या अनेक देखण्या व्हिला किनाऱ्यापासून दूर, उबुदच्या आसपासच्या डोंगरउतारांवर आहेत. अयुंग नदीच्या दरीवर सायान, उत्तरेला तेगलालांगची भातखाचरं, पश्चिमेला जातिलुविह. दरीकडे उघडणारी खोली, पुढे खासगी तलाव आणि तलावाची कड थेट हिरवाईला भिडलेली. असे फोटो पाहिले की घरातल्या सगळ्यांचं लगेच एकमत होतं. तरीही ज्या उतारामुळे हे दृश्य मिळतं, त्या उताराची चौकशी आधी करायला हवी.

बाली ज्वालामुखींचं बेट आहे. अगुंग आणि बाटूर आजही जागृत आहेत. त्यांच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकात नद्यांनी खोल, उभ्या दऱ्या कोरल्या आहेत. साधारण नोव्हेंबर ते मार्च पावसाळा असतो आणि त्या काळात दरडी कोसळतात. मार्च २०२४ मध्ये जातिलुविह परिसरात एका व्हिलावर दरड कोसळून दोन परदेशी पाहुण्यांचा जीव गेला. २०१४ चं माळीण आणि २०२३ ची इर्शाळवाडी पाहिलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मग विचारायचं काय? व्हिलातून दिसणारा फोटो सगळेच पाठवतात. आपण व्हिलाचा मागून आणि खालून काढलेला फोटो मागावा. मागे डोंगर उभा कापला आहे का, संरक्षक भिंत आहे का, त्या भिंतीत पाणी बाहेर पडायला भोकं ठेवली आहेत का, हे त्यात दिसतं. भोकं नसतील तर मुरलेलं पाणी मागे साठून भिंतीवर दाब वाढत जातो. तलाव कशावर उभा आहे तेही बघावं. आठ मीटर लांब, तीन मीटर रुंद आणि दीड मीटर खोल तलावात ३६ टन पाणी मावतं. एवढा भार उताराच्या टोकावर असेल, तर त्याखालचे खांब किंवा पाया दिसायलाच हवा.

पायऱ्यांची संख्याही विचारून घ्यावी. अशा ठिकाणी गाडी बहुधा वरच्या रस्त्यावर थांबते आणि तिथून शेवाळलेल्या दगडी पायऱ्या उतराव्या लागतात. आजी-आजोबा सोबत असतील तर कठडा आहे का, रात्री दिवे असतात का, हे प्रश्न नाश्त्याच्या यादीपेक्षा महत्त्वाचे आहेत. लहान मूल असेल तर तलावाला कुंपण नसतं हे गृहीत धरूनच चालावं.

या उतारांवरचं पाणी शेतकऱ्यांचं आहे, याचीही जाण हवी. बालीतले शेतकरी ‘सुबाक’ नावाच्या संघांमधून पाटाचं पाणी वाटून घेतात. पाळ्या देवळांच्या साक्षीने ठरतात, आणि वरच्या शेतकऱ्याने पाणी अडवलं तर खालचा सुकतो म्हणून कुणालाही मनमानी करता येत नाही. शेकडो वर्षं चालत आलेल्या या व्यवस्थेला २०१२ मध्ये युनेस्कोने जागतिक वारशाचा दर्जा दिला. खाचर बुजवून व्हिला उभी राहते तेव्हा या साखळीतली एक कडी तुटते. म्हणून भातशेतीत नव्याने घुसलेल्या बांधकामापेक्षा गावातल्या कुटुंबाने आपल्या आवारात चालवलेलं जुनं घर मला नेहमीच अधिक योग्य वाटतं. बांधावरून चालताना पाट तुडवू नये आणि उंबऱ्यावर ठेवलेली फुलांची परडी, ‘चनांग सारी’, ओलांडताना पाय जपावा.

वेळ निवडताना आपली मे महिन्याची सुट्टी सोयीची, कारण तेव्हा तिथे कोरडा हंगाम असतो. नाताळात मात्र पाऊस आणि दर दोन्ही चढलेले असतात. मार्चच्या सुमारास ‘न्येपी’ येतो, म्हणजे बालीचं शक नववर्ष. २०२५ मध्ये आपल्या शालिवाहन शकाप्रमाणे तिथेही १९४७ सुरू झालं. त्या दिवशी २४ तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कुणी फिरकत नाही आणि पाहुण्यांनाही आवाराबाहेर पडता येत नाही. मौनाचा हा दिवस अनुभवण्यासारखा आहे, पण परतीचं तिकीट त्या तारखेचं काढू नये.

पैशांचा हिशेबही आधीच मांडावा. दरापुढे अधिकची दोन चिन्हं असतील तर कर आणि सेवाशुल्क वेगळं द्यावं लागतं. दोन्ही मिळून २१ टक्क्यांपर्यंत जातात. फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला दीड लाख रुपिया प्रवेशशुल्कही आहे. व्हिला जितकी आडबाजूला तितका गाडीचा खर्च जास्त, म्हणून भाडं आणि गाडी यांची बेरीज करूनच तुलना करावी.

हे सगळे प्रश्न आगाऊ रक्कम भरण्याआधी लेखी विचारावेत. घराची नीट काळजी घेणारा मालक भिंतीचा, पाण्याच्या निचऱ्याचा, पायऱ्यांचा फोटो आनंदाने पाठवतो. जो फक्त सूर्यास्ताचे फोटो पाठवत राहतो, त्याचं घर कितीही सुंदर असलं तरी घेऊ नये.