बाग झाली, वस्ती कुठे गेली?

शहरात नवी बाग झाली म्हणजे चांगलंच झालं, असं आपण धरून चालतो. आज बघू, त्या जागी आधी कोण राहत होतं.

बाग माणसांना दोन तऱ्हांनी हलवते. न्यूयॉर्कला एका जुन्या रेल्वेमार्गावर 2009 साली ‘हाय लाइन’ बाग उघडली आणि आसपासच्या घरांचे भाव चढले. असं झालं की भाडेकरूला कुणी ‘निघा’ म्हणत नाही, त्याला परवडेनासं होतं. चेन्नईत मात्र आधी बुलडोझर येतो, मग बाग.

अड्यार नदीच्या मुखाजवळ 2011 साली तोल्काप्पिय पूंगा हे पर्यावरण उद्यान सुरू झालं. तमिळमध्ये पूंगा म्हणजे बाग. राडारोडा साचलेल्या जागेत खारफुटी वाढली, पक्षी परतले. काम चांगलंच आहे. ते करणाऱ्या ट्रस्टकडेच पुढे शहरातल्या नद्यांचं काम आलं. कूवम नदीच्या आराखड्यात काठाने बागा होत्या, चालायच्या वाटा होत्या, आणि हजारो कुटुंबं हलवणंही होतं. डिसेंबर 2019 मध्ये सेंट्रल स्टेशनपासून जवळच असलेल्या सत्यवाणी मुत्तू नगरातली घरं पाडली गेली. मुलांचं शाळेचं वर्ष अर्ध्यावर होतं. कुटुंबांना पाठवलं पेरुंबाक्कमला, सुमारे 25 किलोमीटर लांब.

तिथे बहुमजली इमारतीत पक्कं घर मिळतं, आत संडास असतो. हे कमी नाही. पण धुणीभांडी करणारी बाई, हमाल, हातगाडीवाला यांचं पोट जुन्या वस्तीपासून चालत जाण्याच्या अंतरावर होतं. आता रोजचं बसभाडं आणि जाण्यायेण्यातले तास. चार घरची कामं असली तर दोन सुटणारच.

कारण सांगतात पुराचं. 2015 च्या पुरानंतर ते पटतंही. पण पेरुंबाक्कम आहे पल्लीकरनई पाणथळीच्या कडेला. मोठ्या पावसात तिथेही पाणी भरतं! आणि चेन्नई विमानतळाची एक धावपट्टी चक्क अड्यार नदीवर पूल बांधून पलीकडे नेलेली आहे. ती अतिक्रमण ठरली नाही, झोपडी ठरली.

मुंबईकरांना हे नवं नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातली वस्ती 1997 च्या हायकोर्टाच्या आदेशानंतर हटली, त्यातली बरीच कुटुंबं चांदिवलीला गेली. त्या वसाहतीचं नाव संघर्षनगर.

बरं, दुसरी रीत चेन्नईला माहीत नव्हती असंही नाही. तमिळनाडूने 1970 साली झोपडपट्टी निर्मूलन मंडळ काढलं, तेव्हा सुरुवातीच्या वर्षांत पुष्कळ वस्त्यांच्या जागीच चार भिंतींची पक्की घरं बांधून दिली होती.