रंगपेटीतील घरे

रंग हा घराचा शृंगार आणि शृंगार श्रीमंतांनी करावा, ही समजूत जुनी आहे. ब्रूनो टाउट या जर्मन वास्तुशिल्पज्ञाला ती मान्य नव्हती. बर्लिनच्या सीमेवरील फाल्केनबर्ग येथे १९१३ पासून त्याने अल्प उत्पन्नाच्या लोकांसाठी लहान घरे बांधली आणि भिंतींना निळा, तांबडा, पिवळा, हिरवा असे ठसठशीत रंग दिले. लोकांनी वसाहतीला ‘रंगपेटी’ म्हणून हिणवले. टाउटचा हिशेब सरळ होता : नक्षीकामाला पैसा लागतो, रंगाला फारसा नाही, शिवाय एका साच्यातील घरांना वेगळी ओळख मिळते. महायुद्धानंतर, १९१९ मध्ये, त्याने मळकट करड्या घरांविरुद्ध जाहीर आवाहनच काढले. करडा निर्धोक खरा. पण राखेचा रंगही तोच! युनेस्कोने २००८ साली या ‘रंगपेटी’ची जागतिक वारशात नोंद केली. तेथे आजही कुटुंबे नांदत आहेत.