छपरीतला पाहुणा

मुर्रीच्या आमच्या घरात मांजर कधीच परकी नव्हती. चुलीजवळची तिची जागा ठरलेली. पैगंबरांच्या एका सहकाऱ्याला लोक अबू हुरैरा, म्हणजे मांजराच्या पिल्लाचा बाप, म्हणत असत, हे अम्मी दूध घालता घालता कौतुकाने सांगायची. कुत्र्याचे तसे नव्हते. नमाजाच्या कपड्यांना लाळ लागू नये म्हणून तो उंबऱ्याबाहेरच.

एका पावसाळ्यात लेकीने धानाच्या धुऱ्यावरून एक पिल्लू ओढणीत गुंडाळून आणले. मागचा पाय मोडलेला. मी म्हणालो, "पाय बरा झाला की सोडून देऊ." अम्मी म्हणाली, "सोडायचं कुठं? जिथून आणलं तिथं?" मग तिने तहानलेल्या कुत्र्यासाठी विहिरीत उतरून जोड्यात पाणी भरून आणणाऱ्या माणसाची हदीस सांगितली. त्याच रात्री छपरीत पोते अंथरले गेले. उंबरा मात्र त्याने ओलांडायचा नाही, ही तिची अट. ती त्याने आमच्यापेक्षा चांगली पाळली.

पुढे वर्ध्याजवळ पिपरी (मेघे) येथे पीपल फॉर ॲनिमल्सचे करुणाश्रम आहे, असे कळले. जखमी आणि निराधार प्राण्यांना तेथे आसरा मिळतो. आपल्याला वाटते, आश्रयगृह म्हणजे प्राण्याचे कायमचे घर. खरे तर पाळीव प्राण्यासाठी ती धर्मशाळा. एकाला घर मिळाले, तर दुसऱ्या जखमी जिवासाठी जागा होते. म्हणून आश्रयगृहाला देणगी द्यावीच, पण शक्य असेल तर तिथला एक प्राणी घरी न्यावा.

दत्तक देताना अशा संस्था बरेच प्रश्न विचारतात. घर भाड्याचे का? सगळ्यांची संमती आहे का? गावाला गेलात तर खायला कोण घालील? मुलगी दाखवायच्या कार्यक्रमातही एवढी चौकशी होत नसेल! पण मी स्वतः एकदा काहीही न विचारता एका ओळखीच्या घरी पिल्लू दिले. दोन महिन्यांनी ते परत आले. घरच्या सासूबाईंना पहिल्या दिवसापासूनच ते नको होते. परतलेले पिल्लू आठवडाभर फाटकाकडे तोंड करून बसले होते. चूक माझी होती.

हौसेने विकत घेतलेल्यांची गत याहून वाईट. बर्फाळ मुलुखातला दाट केसांचा हस्की आमच्या वैशाखात, पंचेचाळीस अंशांत, कसा राहणार? मग कोणीतरी त्याला रात्री गाडीतून नेऊन रस्त्यावर सोडून देतो. पाळलेला प्राणी उपाशी-तहानलेला राहील अशा ठिकाणी टाकणे हा १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये! एवढ्यात कुत्र्याचा पट्टाही येत नाही.

आमचा गावठी कुत्रा या उन्हातच घडलेला. त्याला हवी सावली, पाणी, तिसऱ्या महिन्यापासून रेबीजची लस आणि वेळेवर नसबंदी. चावलाच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद-मिरची भरत बसायचे नाही.

२०२३ च्या नियमांनुसार मोकाट कुत्र्याची नसबंदी व लसीकरण करून त्याला मूळ जागीच सोडायचे असते. दिल्लीच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी प्राणिप्रेमींना दत्तक घेण्याची मुभा दिली. पण दत्तक घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येऊ देऊ नका, असेही बजावले. बातमी वाचली आणि अम्मीचा प्रश्न आठवला.

अम्मी आता नाही. परत आलेले पिल्लूही आमच्याकडेच राहिले. पहिला लंगडा म्हातारा झाला आहे. दार सताड उघडे असले तरी तो उंबऱ्याशी थांबतो, आणि आमची मांजर त्याला ओलांडून आत-बाहेर करत असते.