कोंढ्याची पाळी ५,९०० वर्षांनी

सिनेमांची नावं सांगा म्हटलं, तर भंडारा जिल्ह्याच्या पवनी तालुक्यातल्या कोंढ्याच्या चहाटपरीवर बसलेला कोणीही एका दमात पन्नास सांगेल. माहितीपटांची पाच नावं सांगा म्हटलं, तर तिथेच काय, मुंबई-पुण्यातही बहुतेकांची गाडी दोनावर अडते. आणि एकट्या फिल्म्स डिव्हिजनच्या, म्हणजे केंद्र सरकारच्या एका खात्याच्या भांडारात माहितीपट, लघुपट आणि अ‍ॅनिमेशनपट मिळून आठ हजारांहून जास्त चित्रपट आहेत. हे खातं १९४८ साली मुंबईत सुरू झालं आणि २०२२ मध्ये राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळात विलीन झालं. चौऱ्याहत्तर वर्षांत आठ हजार, म्हणजे महिन्याला सरासरी नऊ.

आठ हजार हा आकडा नुसता वाचून काही कळत नाही. म्हणून हिशेबाला बसू. एक चित्रपट सरासरी पंधरा मिनिटांचा धरला, तर एकूण १ लाख २० हजार मिनिटं होतात, म्हणजे २,००० तास. कोंढ्यात आखाडीच्या, म्हणजे आषाढ पौर्णिमेच्या दिवशी प्रोजेक्टर सुरू केला आणि रात्रंदिवस एक क्षणही बंद केला नाही, तर शेवटचा चित्रपट संपेल तो दसऱ्याच्या सुमारास. तोवर बांधीतली रोवणी कधीच आटोपलेली असेल आणि हलका धान कापणीच्या बेतात आलेला असेल. रोज एकच पाहायचा ठरवला, तर जवळपास २२ वर्षं लागतील. आज पहिलीत बसलेली मुलगी शेवटचा चित्रपट पाहील तेव्हा तिचंच लेकरू पहिलीच्या वयाला आलेलं असेल.

आता लांबी मोजू. पस्तीस मिलिमीटरच्या फिल्मवर एका सेकंदाला चोवीस चौकटी लागतात आणि त्या दीड फूट जागा घेतात. मिनिटाला ९० फूट. यातले पुढचे बरेच चित्रपट व्हिडिओवर झाले, पण सगळेच फिल्मवर छापले असं धरलं तर पट्टी भरते १ कोटी ८ लाख फूट, म्हणजे सुमारे ३,२९० किलोमीटर. भारताची काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंतची लांबी ३,२१४ किलोमीटर आहे. कोंढ्याहून मुंबई नऊशेच्या आसपास. तेव्हा ही पट्टी कोंढ्याहून मुंबईला जाईल, परत येईल, पुन्हा मुंबईला जाईल आणि दुसऱ्या परतीला अकोल्याच्या आसपास संपेल. चौकटी होतील १७ कोटी २८ लाख. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २४ लाख होती. माणशी एक चौकट वाटली, तरी सहा कोटी शिल्लक उरतात.

हे सगळं डब्यात पडून राहिलं असतं, तर एक गोष्ट होती. पण हे चित्रपट या देशाला सक्तीनं दाखवले गेले. चित्रपटगृहाच्या परवान्यातच अट होती, की प्रत्येक खेळात जास्तीत जास्त वीस मिनिटांची सरकारमान्य फिल्म लावायची आणि वर तिचं भाडं म्हणून निव्वळ उत्पन्नाच्या एक टक्क्यापर्यंत रक्कम भरायची. ऐंशीच्या दशकात देशात फिरते तंबू धरून दहा हजारांवर चित्रपटगृहं होती. दिवसाला तीन खेळ आणि खेळाला पंधरा मिनिटं एवढंच धरलं, तरी रोज साडेसात हजार तास होतात. म्हणजे एका दिवसात या देशातल्या पडद्यांवर ३१२ दिवसांचे माहितीपट धावत होते. उद्या पुन्हा तितकेच. जगाच्या पाठीवर माहितीपटाला एवढा पडदा क्वचितच कुठे मिळाला असेल.

आणि ही पंधरा मिनिटं प्रेक्षक काय करत होता? शेंगदाण्याची पुडी घेत होता, विडी ओढत होता, खुर्ची शोधत होता. ‘फिल्म्स डिव्हिजन की भेंट’ ही पाटी पडद्यावर आली, की अजून वेळ आहे एवढंच त्याला कळायचं. या सक्तीविरुद्ध चित्रपटवाले कोर्टात गेले. १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अट वैध ठरवली, पण तोवर घरोघरी टीव्ही आला होता. सरकार खटला जिंकलं, प्रेक्षक मात्र कधीच जिंकता आला नाही.

बाहेर विडी ओढताना त्याच्या हातून काय निसटलं, ते पाहा. जगत मुरारींचा रेशमाच्या किड्यावरचा चित्रपट होता. तो पवनी आणि आंधळगावच्या कोसा विणणाऱ्यांना आपल्याच घरातला वाटला असता. एस. एन. एस. शास्त्रींचा ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’ होता. १९६७ मध्ये, देशाला वीस वर्षं झाली तेव्हा, त्यांनी देशाइतक्याच वयाच्या पोरापोरींसमोर कॅमेरा धरला आणि स्वातंत्र्याबद्दल त्यांना काय वाटतं ते विचारलं. कोणी स्वप्नं सांगितली, कोणी सरळ कंटाळा बोलून दाखवला, आणि सरकारी खात्यानं तो कापला नाही. प्रमोद पतींनी ‘एक्स्प्लोरर’मध्ये चित्रांचा आणि आवाजांचा असा मारा केला, की तो सरकारी पैशातून झालाय हे आजही पटत नाही. फली बिलिमोरियांचा ‘द हाउस दॅट आनंदा बिल्ट’ आणि विधु विनोद चोप्रांचा ‘अ‍ॅन एन्काउंटर विथ फेसेस’ थेट ऑस्करच्या नामांकनापर्यंत पोचले. भीमसेन जोशींवर गुलजारांनी, कुमार गंधर्वांवर जब्बार पटेलांनी चित्रपट केले, तेही याच खात्यासाठी.

सरकारी भांडाराबाहेर पडलं, की मोजणीच थांबते, कारण तिथे वहीच नाही. आतले-बाहेरचे मिळून लांबीचाच पल्ला पाहा. पतींचा ‘क्लॅक्सप्लोजन’ दोनेक मिनिटांत आटोपतो. विठ्ठलभाई झवेरींचा गांधीजींवरचा ‘महात्मा’ ३३ रिळांचा, साडेपाच तासांचा. विषयांचा पल्ला तर याहून मोठा, आणि त्यात मराठी माणूस पहिल्या दिवसापासून हजर आहे. ल्युमिएर बंधूंचा खेळ मुंबईत झाला ७ जुलै १८९६ रोजी. अवघ्या तीन वर्षांत, १८९९ मध्ये, सावेदादा म्हणजे हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनी मुंबईच्या हँगिंग गार्डनमध्ये कुस्तीचं चित्रण केलं. १९०१ मध्ये रँग्लर परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हाही सावेदादा कॅमेरा लावून उभे होते. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी कुंडीतल्या वाटाण्याचा अंकुर कित्येक दिवस चौकट-चौकट करून टिपला आणि तो लघुपट दाखवून भांडवल मिळवलं. भारतीय कथापटाला कर्ज मिळालं ते एका वाटाण्याच्या जामिनावर.

पुढे विजया मुळे यांनी १९७४ मध्ये ‘एक अनेक और एकता’ लिहिला. जेमतेम सात मिनिटांचा, पण दूरदर्शनवर वाढलेल्या एका अख्ख्या पिढीला त्यातली चिमणी पाठ आहे. सुमित्रा भाव्यांनी १९८५ मध्ये पुण्याच्या झोपडपट्टीतल्या एका बाईची गोष्ट ‘बाई’ या लघुपटात सांगितली आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंजली मोंटेरो आणि के. पी. जयशंकर यांच्या ‘साचा’मध्ये गिरणगाव आहे, नारायण सुर्वे आहेत, सुधीर पटवर्धनांची चित्रं आहेत. फैझा अहमद खान यांच्या चित्रपटात मालेगावची पोरं स्वतःचा सुपरमॅन उडवतात. ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’मध्ये महाराष्ट्राच्या जत्रांतून फिरणारे तंबू टॉकीजवाले आहेत, २०१६ मध्ये तो कान महोत्सवात गौरवला गेला. सर्वनिक कौर यांचा मुंबईच्या कोळ्यांवरचा ‘अगेन्स्ट द टाइड’ २०२३ मध्ये सनडान्सला पुरस्कार घेऊन आला. उमेश कुलकर्णींच्या ‘गिरणी’त आई घरात पिठाची गिरणी आणते आणि तिच्या घरघरीनं लहान पोराचं जगणं बदलून जातं. नागराज मंजुळेंचा ‘पिस्तुल्या’ शाळेचा ध्यास घेतलेल्या पारधी पोराचा. त्यांच्याच ‘पावसाचा निबंध’मध्ये मास्तर पावसावर निबंध लिहायला सांगतात आणि मुलाचं घर गळत असतं. पूर्व विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या माणसाला ही गोष्ट समजावून सांगावी लागणार नाही.

यातला एक चित्रपट जरा जवळून पाहू. रीना मोहन यांचा ‘कमलाबाई’, पाऊण तासाचा. समोर नव्वदीच्या घरातली एक म्हातारी. हीच कमलाबाई गोखले १९१३ मध्ये, तेराव्या वर्षाच्या आसपास, फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये उभी राहिली होती, ज्या काळात बायकांच्या भूमिका पुरुष करत. कॅमेऱ्यासमोर ती जुन्या नाटकांतली वाक्यं म्हणून दाखवते, मध्येच अडते, पुन्हा उचलते, कॅमेरावाल्यांचीही फिरकी घेते. जवळपास एका शतकाची रंगभूमी आणि पडदा एका माणसाच्या तोंडून पाऊण तासात येतो. कमलाबाई १९९८ मध्ये गेल्या. चित्रपट काही वर्षं लांबला असता, तर हे काहीच उरलं नसतं.

या चित्रपटांचा खरा आकडा इथे आहे. पडद्यावरची मिनिटं मोजून तो हाती लागत नाही. त्या मिनिटांमागे किती काळ खर्ची पडला, तो मोजायचा. आनंद पटवर्धनांना ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा करायला १४ वर्षं लागली. सुरुवात जुलै १९९७ मध्ये मुंबईच्या रमाबाई नगरात झालेल्या पोलीस गोळीबारापासून आणि त्यानंतर आत्महत्या केलेल्या शाहीर विलास घोगरेंपासून. त्या चौदा वर्षांतच भंडारा जिल्ह्यात खैरलांजीचं हत्याकांड घडलं; त्याचे पडसादही त्यात आहेत. कार्तिकी गोन्साल्विस यांच्या ‘द एलिफंट व्हिस्परर्स’ला २०२३ मध्ये ऑस्कर मिळालं. सुमारे ४५० तासांच्या चित्रणातून चाळीसेक मिनिटं उरली. म्हणजे पडद्यावरच्या एका मिनिटासाठी अकरा तास चित्रण.

याच्यासमोर आजचा मोबाइल ठेवा. यूट्यूबवर दर मिनिटाला ५०० तासांचे व्हिडिओ चढतात, असं ती कंपनीच सांगत आली आहे. फिल्म्स डिव्हिजनचे आपण धरलेले दोन हजार तास तिथे चार मिनिटांत भरून निघतात. चौऱ्याहत्तर वर्षं एकीकडे, चार मिनिटं दुसरीकडे. ल्युमिएर बंधूंच्या यादीतले पन्नास-पन्नास सेकंदांचे चौदाशे चित्रपट तर अडीच सेकंदांत. ढिगाच्या शर्यतीत माहितीपट कधीच हरलाय. अकरा तास पाहून एक मिनिट ठेवणारा आणि एक मिनिट पाहून एक मिनिट चढवणारा, यांची मोजणी एकाच मापानं करता येत नाही.

तरीही या थोर भांडारात भोकं मोठी आहेत. फिल्म्स डिव्हिजनच्या प्रती जास्तीत जास्त पंधरा भाषांत निघत. २०११ च्या जनगणनेनं या देशात १,३६९ मातृभाषा मोजल्या. भंडारा-गोंदिया-चंद्रपूर-गडचिरोलीची झाडीबोली त्या पंधरांत बसली नाही, हे वेगळं सांगायला नको. त्याच जनगणनेत गावं होती ६ लाख ४० हजार ८६७. वर्षाला १०८ चित्रपट हा खात्याचा सरासरी वेग. प्रत्येक गावावर फक्त एक चित्रपट करायचा आणि दुसरं काहीही करायचं नाही असं ठरवलं, तर काम संपायला सुमारे ५,९०० वर्षं लागतील. यादीत कोंढ्याचा नंबर शेवटी लागला, तर तेवढं थांबावं लागेल. ५,९०० वर्षांपूर्वी मोहेंजोदडोच्या विटाही रचल्या गेल्या नव्हत्या.

आणि कोंढ्याच्या पंधरा मिनिटांत माल कमी नाही. गुडघाभर चिखलात वाकून रोवणी करणाऱ्या बायका आणि त्यांची गाणी. रात्री सुरू होऊन तांबडं फुटेपर्यंत चालणारं झाडीपट्टीचं नाटक. दंडारीचं लोकनाट्य. पवनी तालुक्यातच वैनगंगेवर गोसीखुर्द धरण आहे. त्याचं भूमिपूजन २२ एप्रिल १९८८ चं, मूळ खर्च ३७२ कोटींचा, आणि पुढे एक सुधारित अंदाज १८ हजार कोटींच्या वर गेला, म्हणजे तेव्हाच जवळपास पन्नास पट. या एका आकड्यामागे किती गावं उठली, किती घरं हलली आणि आज कोण कुठे आहे, यावर तासाभराचा माहितीपट सहज होईल.

तो करायला मुंबईहून कोणी येणार नाही आणि यायची गरजही नाही. कॅमेरा आज खिशात आहे. अडचण आहे ती पाहण्याच्या सवयीची, आणि ती सवय चांगले चित्रपट पाहूनच लागते. फिल्म्स डिव्हिजनचे कित्येक चित्रपट यूट्यूबवर फुकट आहेत. शाळांना आता पुस्तकाबाहेरच्या उपक्रमांसाठी आनंददायी शनिवार मिळालाय. दर शनिवारी पंधरा मिनिटांचा एक लावला, तर बावन्न शनिवारांत ५२ होतात आणि वेळ जातो फक्त तेरा तास. सुरुवात ‘आय अ‍ॅम ट्वेंटी’नं करा. मग पोरांच्या हातात मोबाइल द्या आणि गावातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाकडे पाठवा. मोबाइल आडवा धरायचा, मध्ये बोलायचं नाही, तो बोलेल तेवढं बोलू द्यायचं. नाव, गाव, तारीख लिहून ठेवायची. मूळ फाइल एकाच ठिकाणी कधीच ठेवायची नाही, दोन ठिकाणी ठेवायची. आणि हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका, कारण बोलणारी माणसं थांबत नाहीत.