फायबरचं ठिगळ, विमानाच्या मापाचं

बीड जिल्ह्यातल्या शिरूर कासारात धावपट्टी नाही, पण फायबर सगळ्यांच्या ओळखीचं आहे. न्हाणीघराचं दार, शेडवरचा उजेडाचा पत्रा, मंडळाची मूर्ती, सगळं काचेचे तंतू आणि रेझिन यांचंच. घरी बांधलेल्या विमानातही हाच माल असतो. कॅप्टन अमोल यादव यांनी मुंबईत चारकोपच्या इमारतीच्या गच्चीवर बांधलेलं विमान २०१६च्या ‘मेक इन इंडिया’ सप्ताहात लोकांनी पाहिलं. तेव्हापासून असं विमान ही आपल्याकडे ऐकीव गोष्ट राहिली नाही. अशा विमानाच्या फायबरला भोक पडलं तर ते बुजवतात कसं, ते क्रमाने पाहू.

आधी भोक कुठे आहे ते पाहायचं. अमेरिकेतल्या व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही विमानांचा सांगाडा ॲल्युमिनियमचा असतो. इंजिनावरचं काउलिंग, पंखांची टोकं आणि चाकांवरची आवरणं तेवढी फायबरची. या भागांची दुरुस्ती हौशी माणूस करू शकतो. बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीची गोष्ट वेगळी. १९७९मध्ये पहिल्यांदा उडालेल्या या विमानाचा पंखच फोमवर काचेचं कापड चढवून केलेला असतो, म्हणजे उड्डाणाचा सगळा भार त्याच कापडावर. तिथे आराखड्यात दिलेली पद्धत आणि जाणकार तपासनीस यांच्याशिवाय हात घालू नये.

डोळ्यांना दिसतं तेवढंच भोक नसतं. भोकाभोवती नाण्याने टकटक करत जावं. धड फायबर खणखणतं. थर सुटले असतील तिथे आवाज बद्द येतो. आवाज बदलेल तिथे पेन्सिलने खूण करायची आणि खुणेच्या आतलं सगळं कापून काढायचं. भोकाला कोपरे ठेवायचे नाहीत, गोल किंवा लंबगोल करायचं; कोपऱ्यातून तडा पुढे सरकतो.

मग सफाई. काउलिंगच्या आतल्या बाजूला तेल मुरलेलं असतं. ते ॲसिटोनने पुसल्यावरच पॉलिश पेपर हातात घ्यावा, नाहीतर घासताना तेल आणखी आत जातं.

आता खरं काम: उतार. पंक्चरवाला ट्यूबवर भोकापेक्षा बराच मोठा भाग घासतो, तसंच इथे. ठिगळाची ताकद चिकटलेल्या क्षेत्रफळात असते. फायबर दीड मिलिमीटर जाड असेल, तर भोकाच्या कडेपासून चहूकडे निदान १८ मिलिमीटर रुंद उतार घासायचा, म्हणजे जाडीच्या बारा पट. भार पेलणाऱ्या भागांना हे प्रमाण याहून बरंच जास्त लागतं. शक्य असेल तर उतार आतल्या बाजूने घ्यावा आणि बाहेरून मेण लावलेला गुळगुळीत प्लास्टिकचा पत्रा टेपने पक्का करावा. बाहेरचा आकार मग आपोआप जुळतो.

दार-मूर्तीवाल्याकडे मिळणारं रेझिन बहुधा पॉलिएस्टर असतं. विमानाच्या ठिगळाला इपॉक्सी घ्यावं. ते जुन्या पॉलिएस्टरवरही नीट धरतं. उलट पॉलिएस्टर मात्र वाळलेल्या इपॉक्सीवर भरवशाने धरत नाही. मॅटही नको, विणलेलं कापड हवं. मॅटचे तंतू ज्या पदार्थाने एकत्र धरलेले असतात तो सहसा पॉलिएस्टरमधल्या स्टायरिनने विरघळतो. इपॉक्सीत विरघळत नाही आणि मॅट नीट भिजत नाही.

दर चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाच्या कापडाचा एक थर वाळल्यावर साधारण पाव मिलिमीटर होतो. दीड मिलिमीटरला सहा थर. सर्वांत मोठा तुकडा आधी लावायचा, कारण तो सगळ्या उतारावर बसतो. मग क्रमाने लहान. कापडाचे धागे जुन्या कापडाच्या दिशेने ठेवायचे.

इपॉक्सी रेझिन आणि हार्डनर यांचं मिश्रण वजनकाट्यावर, डब्यावर लिहिलेल्या प्रमाणातच करायचं. लवकर वाळावं म्हणून हार्डनर वाढवला तर ठिगळ कच्चं राहतं. इथे शिरूरचा मे महिना आडवा येतो. तापमान दहा अंशांनी वाढलं की कामाला मिळणारा वेळ ढोबळमानाने निम्मा होतो, आणि पेल्यात साठलेलं मिश्रण स्वतःच्याच उष्णतेने धुमसू लागतं. म्हणून पहाटे काम करावं, थोडं थोडं कालवावं, पसरट ताटलीत ओतावं आणि सावकाश वाळणारा हार्डनर घ्यावा. पावसाळ्यात अडचण वेगळी: काही इपॉक्सींवर मेणचट साय येते. पुढचा थर देण्याआधी ती पाण्याने धुवावी.

ब्रशने ओढू नये, टोचत जावं. पांढरं कापड भिजलं की काचेसारखं पारदर्शक होतं आणि खालचा थर दिसू लागतो. पांढरा ठिपका राहिला तर तिथे हवा किंवा कोरडे धागे आहेत. जादा रेझिन रबरी पट्टीने काढून टाकावं. साधारण कापडाच्या वजनाइतकंच रेझिन पुरे. त्यावरचं रेझिन ताकद देत नाही, वजन तेवढं देतं.

हातमोजे सगळ्या कामात हवेत, कारण इपॉक्सीची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जात नाही. घासताना मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, आणि ॲसिटोनजवळ विडी-काडी नाही.

वाळल्यावर उरलेले खड्डे गॅरेजच्या लांबीने भरू नयेत. ती जड असते. इपॉक्सीत मायक्रोबलून, म्हणजे काचेचे पोकळ सूक्ष्म गोळे, कालवून हलकी लांबी करतात आणि लांब फळीला पॉलिश पेपर लावून घासतात. रंग पांढराच द्यावा. खोलीच्या तापमानाला वाळलेलं साधं इपॉक्सी साठ-सत्तर अंशांच्या आसपास मऊ पडू लागतं, आणि बीडच्या उन्हात गडद रंगाचा पृष्ठभाग तिथवर सहज पोचतो.

शेवटी पुन्हा नाणं वाजवून पाहायचं आणि भाग तराजूवर ठेवायचा. ठिगळ एलेरॉन किंवा रडर अशा हलत्या भागावर असेल तर हे टाळता येत नाही: बिजागरीच्या मागे थोडं वजन वाढलं, तरी वेगात तो भाग फडफडून तुटू शकतो. त्याचा तोल पुन्हा तपासल्याशिवाय उड्डाण नाही. रेझिन कोणतं, थर किती, दुरुस्तीआधीचं वजन किती नि नंतरचं किती, हे लॉगबुकात लिहावं. पुढच्या तपासणीला रंगाखालचं ठिगळ त्या नोंदीवरूनच ओळखू येईल.