नक्षी शाबूत, टायर संपलेला

अमेरिकेच्या महामार्गांवर बसएवढी लांब घरं धावतात. आत पलंग, स्वयंपाकघर, न्हाणीघर, फ्रीज, कपाटं, पाण्याच्या टाक्या आणि सगळ्यात पुढे चालकाची खुर्ची. त्यांतली सर्वांत मोठी, ‘क्लास ए’ म्हणून ओळखली जाणारी मोटरहोम नऊ ते चौदा मीटर लांब असते आणि सामानासकट तिचं वजन दहा ते वीस टनांच्या घरात जातं. हा सगळा डोलारा साधारणपणे सहा किंवा आठ टायरवर उभा असतो. हे टायर बदलायचा प्रश्न निघाला की मालक खाली वाकून एकच गोष्ट बघतो : नक्षी किती उरली आहे? आपल्याकडेही टायर गोटा झाला की बदलायचा, ही रीत सगळ्यांच्या अंगवळणी पडलेली आहे. मोटरहोमच्या बाबतीत मात्र ही कसोटी मालकाची दिशाभूल करते. या गाडीचा टायर झिजून क्वचितच संपतो. तो वयाने संपतो, ओझ्याने संपतो, आणि दोन्ही प्रकारांत वरून ठणठणीत दिसू शकतो.

असं का होतं, हे ट्रकशी तुलना केली की कळतं. मोठ्या मोटरहोमला ट्रक-बसच्या मापाचेच, साडेबावीस इंची रिमचे टायर असतात. लांब पल्ल्याचा अमेरिकी ट्रक वर्षाला लाखभर मैल धावतो. त्याच्या टायरला म्हातारं व्हायला सवडच मिळत नाही, त्याआधी नक्षी संपते. मोटरहोम वर्षाकाठी काही हजार मैल चालते आणि उरलेले महिने उभी असते. तिचे मालक बरेचदा निवृत्त जोडपी असतात. थंडी सुरू झाली की ती ॲरिझोना किंवा फ्लोरिडा गाठतात आणि तिथल्या कडक उन्हात गाडी महिनोन् महिने एकाच जागी राहते. चालवली नाही म्हणजे टायर वाचला, असं वाटणं स्वाभाविक आहे, पण रबराचं रसायन उलटं सांगतं. टायरच्या रबरात ओझोनपासून बचाव करणारी मेणं आणि रसायनं मिसळलेली असतात. टायर फिरताना दबतो, पुन्हा ताणतो, आणि या हालचालीने ती द्रव्यं आतून पृष्ठभागावर येत राहतात. उभ्या गाडीत हा पुरवठा मंदावतो. ऊन आणि ओझोन बाहेरून रबर खातात. आतून, दाबाने भरलेल्या हवेतला प्राणवायू रबराच्या थरांतून झिरपत पोलादी पट्ट्यांभोवतीचं रबर ठिसूळ करत जातो. बाजूच्या भिंतीवरच्या बारीक भेगा निदान दिसतात. आतल्या थरांची सुटत चाललेली पकड दिसत नाही. त्यात काही जण टायर काळाभोर चमकावा म्हणून पेट्रोलजन्य पॉलिश फासतात. त्याने ती संरक्षक द्रव्यं आणखी लवकर निघून जातात आणि म्हातारा टायर अधिकच तरुण दिसतो.

वयाचा हा धोका कागदावरचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय महामार्ग वाहतूक सुरक्षा प्रशासनाने २००७ साली तिथल्या संसदेला टायरच्या वयाविषयी अहवाल दिला. त्यात एका मोठ्या विमा कंपनीचे आकडे आहेत. कंपनीचे २७ टक्के ग्राहक टेक्सस, कॅलिफोर्निया, लुइझियाना, फ्लोरिडा आणि ॲरिझोना या पाच उष्ण राज्यांतले होते, पण टायरसंबंधीचे ७७ टक्के दावे याच राज्यांतून आले, आणि त्यांतले ८४ टक्के टायर सहा वर्षांहून जुने होते. यावर कोणी म्हणेल की हे आकडे मोटारींचे आहेत, ट्रकच्या जाड टायरला ते लावू नयेत. आकडे जसेच्या तसे लावता येत नाहीत, हे मान्य. पण उष्णता आणि प्राणवायू रबरावर जे करतात ते मापागणिक बदलत नाही, आणि मोटरहोमचे टायर तर जास्तीत जास्त काळ याच राज्यांत उभे असतात. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : काही नामांकित टायर कंपन्याच दहा वर्षांची मर्यादा सांगतात, मग सहा-सात वर्षांत हजारो डॉलर का घालवायचे? इथे कंपन्यांचं म्हणणं पूर्ण वाचायला हवं. दहा वर्षं ही कमाल मर्यादा आहे, आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराकडून तपासणी, ही तिच्याबरोबरची अट आहे. टायर सावलीत, झाकून, योग्य हवेवर ठेवला आणि ही तपासणी खरोखर झाली, तर सातव्या वर्षापुढे जायला माझी हरकत नाही. मात्र पुढच्या चाकांना ही सवलत मी देणार नाही. मागे जोडचाकं असतात; एक टायर फुटला तर दुसरा काही क्षण तरी भार पेलतो. पुढचा टायर एकटा असतो आणि सुकाणू त्याच्याच हाती असतं.

वयानंतर ओझं. टायरवर छापलेला सर्वाधिक भार हा एका ठरावीक दाबाशी बांधलेला असतो. हवा कमी, तर क्षमताही कमी. जोडीत लावलेल्या टायरची क्षमता एकट्या लावलेल्या त्याच टायरपेक्षा कमी धरतात. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस पौंड हवा असते, इथे शंभर ते एकशेवीस पौंडांची भाषा असते. नेमकी किती भरायची, हे टायर कंपनीच्या भार-दाब तक्त्यावरून ठरतं, आणि तो तक्ता वापरायचा तर प्रत्येक चाकावर किती वजन येतं हे ठाऊक असावं लागतं. इथेच बहुतेक मालक अडतात, कारण गाडी कधी काट्यावर चढवलेलीच नसते. कारखान्यातून निघालेली मोटरहोम रिकामी असते. तिच्या टाकीत ३८० लिटर पाणी भरलं की ३८० किलो वाढले. तितकंच डिझेल, वर भांडी, पुस्तकं, हत्यारं, सायकली. शिवाय हे वजन दोन्ही बाजूंना सारखं नसतं. जनरेटर, फ्रीज आणि बाहेर सरकणारी खोली एकाच अंगाला आली, तर ॲक्सलचं एकूण वजन नियमात असूनही एका टोकाचा टायर ओझ्याखाली दबलेला असू शकतो. अमेरिकेत ट्रक थांब्यांवरच्या काट्यांवर ॲक्सलचं वजन थोड्या पैशांत मिळतं. प्रत्येक चाक वेगळं तोलून देणाऱ्या संस्थाही आहेत. जड टोकाला लागेल तेवढी हवा त्या ॲक्सलच्या सगळ्या टायरमध्ये, टायर थंड असताना भरायची, हा नियम. चालकाजवळच्या पट्टीवर हवेचा आकडा छापलेला असताना ही यातायात कशाला, असं विचारलं जातं. तो आकडा खरा आहे, पण टायर मूळ मापाचा असेल आणि वजन ठरलेल्या मर्यादेत असेल तरच. ते मर्यादेत आहे की नाही, हे काट्याशिवाय कोण सांगणार?

चुकीच्या टायरची आणि ओझ्याची किंमत काय असते, हे गुडइयरच्या ‘जी १५९’ या टायरच्या प्रकरणाने दाखवलं. २७५/७०आर२२.५ मापाचा हा टायर १९९६ ते २००३ या काळात बनला आणि अनेक मोटरहोमना बसवला गेला. हा माल वाटणाऱ्या ट्रकसाठी घडवलेला टायर आहे, महामार्गावरच्या सलग वेगात तो तापतो, अशी दावे लावणाऱ्यांची तक्रार होती. एका कुटुंबाची मोटरहोम रस्ता सोडून उलटली. त्यांचा खटला मिटल्यानंतर, कंपनीने चाचण्यांचे निकाल दडवल्याचा वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१७ च्या त्या निकालपत्रात नोंद आहे की ताशी ५५ ते ६५ मैलांच्या वेगात हा टायर नेहमीपेक्षा जास्त तापत असल्याचं त्या चाचण्यांत दिसलं होतं. सुरक्षा प्रशासनाच्या तपासात या टायरशी निगडित अपघातांत ८ मृत्यू आणि ६९ जखमींची नोंद झाली. जून २०२२ मध्ये कंपनीने सुमारे १ लाख ७३ हजार टायर परत बोलावले, तेही टायरमध्ये दोष नाही, दोष जादा ओझ्याचा आणि कमी हवेचा, असं म्हणत. दोन्ही बाजूंपैकी कोणाचंही खरं धरा, मालकाने करायचं ते बदलत नाही : टायर या कामासाठी आहे का ते पाहायचं, आणि गाडी तोलायची. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. उत्पादन थांबल्यावर एकोणीस वर्षांनी टायर परत मागवण्यात अर्थ होता, कारण कमी चालणाऱ्या गाड्यांवर आणि स्टेपनीत असे टायर अजून सापडण्याची शक्यता होती.

म्हणून नवा टायर घेताना माप आणि भारक्षमता मूळच्या बरोबरीची किंवा वरची हवी, कमी कधीच नको. वेगाचं अक्षरही वाचावं : ट्रकच्या टायरवर ‘एल’ म्हणजे ताशी १२० किलोमीटर, ‘के’ म्हणजे ११०. टेक्ससच्या एका महामार्गावर ८५ मैलांची, म्हणजे जवळपास १३७ किलोमीटरची मुभा आहे. ती मुभा रस्त्याची आहे, तुमच्या टायरची नाही. जोडचाकांतले दोन टायर एकाच मापाचे आणि सारख्या झिजेचे असावेत, नाहीतर उंच असलेला टायर दोघांचं ओझं वाहतो. दुकानदाराने ‘नवा’ म्हणून दिलेला टायर गोदामात दोन-तीन वर्षं पडलेला असू शकतो. बसवण्याआधीच तारीख बघून तो नाकारता येतो. मोठ्या मोटरहोमला आणखी एक संरक्षण कायद्याने मिळालेलं नाही. हवा कमी झाल्याचा इशारा देणारी यंत्रणा अमेरिकेत दहा हजार पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण साडेचार टनांच्या आतल्या वाहनांनाच सक्तीची आहे. ज्यांना तिची सर्वाधिक गरज, त्या जड घरांना ती मालकाने स्वतः बसवावी लागते, आणि टायरच्या खर्चात तिचा खर्च धरायलाच हवा.

बदलण्याचं काम घरी करण्याचा मोह मात्र टाळावा. ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी हवेवर चाललेल्या ट्रक टायरच्या बाजूच्या भिंतीतल्या पोलादी तारा थकून तुटलेल्या असू शकतात. असा टायर पुन्हा फुगवताना भिंत चेन उघडावी तशी फाटते, आणि त्या झोताने माणसं मेली आहेत. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा नियमांनुसार असे टायर पोलादी पिंजऱ्यात ठेवून फुगवावे लागतात. रस्त्याच्या कडेला हवा कमी झालेली दिसली म्हणून भरून पुढे निघणं ही काटकसर नव्हे, जिवाशी खेळ आहे.

महाराष्ट्रात एवढ्या मोटरहोम नाहीत, पण अमेरिकेत सुट्टीला भाड्याने लहान मोटरहोम घेणारी मराठी कुटुंबं आहेत, आणि इथल्या सोसायट्यांत आठवड्यातून एकदा निघणाऱ्या मोटारी तर दारोदार आहेत. त्यांच्याही टायरची नक्षी वर्षानुवर्षं छान राहते आणि त्याच मोटारी पुढे दिवाळीच्या सुट्टीत समृद्धी महामार्गावर भर वेगात धावतात. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात : पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. कधी हे आकडे आतल्या अंगाला असतात, वाकून बघावं लागतं. गाडी भाड्याची असो वा स्वतःची, निघण्याआधी ते वाचा, स्टेपनीवरचेही वाचा, आणि सहा वर्षं उलटून गेली असतील तर आधी टायर तपासून घ्या, मगच प्रवासाला निघा.