भिंतीवरील लिपी

ठाण्याहून निघालेला घोडबंदर रस्ता घोडबंदर गावाशी पोहोचतो, तेथे खाडीकाठच्या टेकडीवर पोर्तुगीजांनी बांधलेला व १७३७ साली मराठ्यांनी जिंकलेला किल्ला आहे. अशा जुन्या वास्तूंच्या भिंतींवर ऊनपाऊस आपली लिपी कोरीत असतो. चुन्याचा गिलावा झडतो. काळ्या दगडातील लोह गंजून तांबूस छटा उमटते. फटीत पिंपळ मूळ धरतो. सकाळच्या तिरप्या उन्हात प्रत्येक खाचेची सावली पडते. छायाचित्रास तीच वेळ उत्तम. डागडुजी होताच या खुणा पुसल्या जातात. तरीही डागडुजी हवीच. कारण चित्रात शोभणारे मूळच उद्या भिंत पाडते. मुलांनो, आधी छायाचित्र घ्या, त्यावर तारीख लिहा, आणि मग भिंत सावरणाऱ्या हातांना साह्य करा.